फोनला ब्लूटूथ कीबोर्ड जोडून मराठीत लांबलचक लिहिणारं कुणी आहे का?

कृष्णाकाठ · ११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आमची आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या आईनं तिच्याकडून ऐकून एका दोनशे पानी वहीत उतरवल्या होत्या. आई गेल्या वर्षी गेली आणि वही माझ्याकडे आली. शाई उडत चाललीय, कडेची पानं पिवळी पडून तुटायला लागलीत. दिवाळीपासून मी ती फोनवर टाइप करायला घेतलीय. ३१ पानं झाली आणि उजवा अंगठा धरला. आता सांडशीनं पातेलं उचललं तरी मनगटापर्यंत कळ जाते.

घरात लॅपटॉप नाही, घ्यायचाही नाही. भाचा म्हणतो, "मावशी, फोनला बिनतारी कीबोर्ड जोड, दोन-अडीच हजारांत काम होईल." फोन अँड्रॉइड आहे, तीन वर्षांचा. त्यावर असा कीबोर्ड नीट चालतो का? मराठी उमटतं का? आणि टायपिंगचा क्लास कधी न केलेल्या बाईला पन्नाशीनंतर हे जमतं का?

दुकानात विचारलं तर "सगळं चालतं मॅडम" एवढंच सांगतात. म्हणून इथे विचारतेय.

घाटवाट · ११ जानेवारी, रात्री १०.०५

चालतो! मी चार वर्षं हेच करतोय. आठवड्यातून तीनदा सिंहगड एक्सप्रेसनं पुण्याहून मुंबईला जातो. मांडीवर सॅक, सॅकवर कीबोर्ड, समोरच्या जाळीला टेकवलेला फोन. घाटात बोगदे लागले की नेटवर्क जातं, पण कीबोर्ड आणि फोन यांचं आपापसात चालू असतं, त्याला नेट लागत नाही. उलट घाटातच माझं सगळ्यात जास्त लिहून होतं, कारण कुणाचा मेसेजच येत नाही.

माझा लॉजिटेकचा के-३८० आहे. वजन पाव किलोपेक्षा जास्त, अर्ध्या किलोपेक्षा कमी. दोन ट्रिपल-ए सेल लागतात आणि ते बदलल्याचं पटकन आठवत नाही इतके टिकतात. तीन उपकरणं जोडून ठेवता येतात, एफ-१, एफ-२, एफ-३ या कळांनी एकावरून दुसऱ्यावर जायचं. घरात बसूनच लिहायचं असेल तर के-४८० बघा. त्याला वरच्या बाजूला खाच आहे, फोन त्यात उभा राहतो. पण तो ८०० ग्रॅमच्या वर जातो, पिशवीत घालून फिरायच्या कामाचा नाही.

बिनीचा_बाण · ११ जानेवारी, रात्री १०.१२

घडीचा घेऊ नका. मी हौसेनं घेतला होता, खिशात मावतो वगैरे. मधल्या बिजागरीपाशी कळा लहान-मोठ्या केलेल्या असतात आणि बोट हटकून चुकतं. मांडीवर ठेवला की मध्येच दुमडतो. टेबल असेल तरच त्याचा उपयोग.

दोनओळी · ११ जानेवारी, रात्री १०.३०

+१. कळांमधलं अंतर नेहमीच्या कीबोर्डइतकं, म्हणजे १९ मिमीच्या आसपास असलेलं बरं.

पाटणकरीण · १२ जानेवारी, सकाळी ७.५०

ताई, जोडताना एक अडचण येईल, आधीच सांगून ठेवते. ब्लूटूथच्या यादीत कीबोर्ड दिसला, त्यावर टिचकी मारली की फोनच्या पडद्यावर चार किंवा सहा आकडे येतात. माणूस ते बघत बसतो आणि थोड्या वेळानं 'जोडता आलं नाही' असं येतं. ते आकडे आपण नव्या कीबोर्डवर दाबायचे असतात आणि शेवटी एंटर. माझ्या सासऱ्यांनी त्यापायी नवा कोरा कीबोर्ड दुकानात परत केला होता, दुकानदारानंही निमूट घेतला!

आणि काम झालं की कीबोर्डचं बटण बंद करा. आमच्या ह्यांनी चालू कीबोर्ड पिशवीत घातला, वर डबा ठेवला. फोनवर सोसायटीचा ग्रुप उघडा होता. डब्यानं तिथे ऐंशी-नव्वद वेळा 'ककककक' लिहिलं आणि एंटरही दाबला. खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून विचारायला आल्या, तब्येत बरी आहे ना!

कृष्णाकाठ · १२ जानेवारी, सकाळी ९.१५

डबा मराठीत लिहितो म्हणजे माझं नक्की जमेल. 🙂
पण खरंच, मराठी कसं येतं? त्यावर कुणीच बोललं नाही.

घाटवाट · १२ जानेवारी, सकाळी ९.४०

खरं सांगायचं तर मी कामाचं इंग्रजीत लिहितो, मराठी पडद्यावरच्या कीबोर्डानं. त्यामुळे त्यातलं मला अनुभवाचं काही सांगता येणार नाही.

हलन्त · १२ जानेवारी, दुपारी १.२०

आता मूळ प्रश्नाला हात घालतो.

फोनच्या पडद्यावर आपण 'aai' लिहितो आणि 'आई' उमटतं, ते काम पडद्यावरच्या कीबोर्डचं अ‍ॅप करत असतं. बाहेरचा कीबोर्ड जोडला की बहुतेक वेळा ते अ‍ॅप बाजूला राहतं आणि कळ दाबली की सरळ इंग्रजी अक्षर उमटतं. कीबोर्ड कितीही महाग घ्या, यात फरक पडत नाही. तो फक्त 'अमुक क्रमांकाची कळ दाबली' एवढंच कळवतो. त्या कळेचा क की k हे फोन ठरवतो.

सेटिंगमध्ये भाषा आणि इनपुट, तिथे 'फिजिकल कीबोर्ड', तिथे मांडण्यांची (कुठल्या कळेवर कुठलं अक्षर याची) यादी. माझ्या फोनच्या यादीत फ्रेंच, रशियन, अरबी होत्या, मराठी नव्हती. तुमच्यात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी मार्ग आहे. अँड्रॉइड ४.१ पासून बाहेरच्या अ‍ॅपला या यादीत नवी मांडणी घालता येते. प्ले स्टोअरवर फिजिकल कीबोर्ड, देवनागरी, इनस्क्रिप्ट असे शब्द घालून शोधा. असं अ‍ॅप म्हणजे कळांचा नुसता तक्ता असतो, त्याला इंटरनेट, संपर्क, फोटो यांतली कसलीही परवानगी लागत नाही. मागत असेल तर त्याच पावली काढून टाका.

आणि मग इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची ठरलेली कळांची मांडणी, शिका. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय सोडायची हीच वेळ आहे.

बिनीचा_बाण · १२ जानेवारी, दुपारी १.३५

झालं, आले इनस्क्रिप्टवाले! अहो, त्यांना वही पूर्ण करायचीय, सरकारी परीक्षा द्यायची नाहीये. वीस वर्षं आपण सगळे इथे 'malaa' लिहून 'मला' मिळवतोय, काय बिघडलं?

हलन्त · १२ जानेवारी, दुपारी २.१०

काही बिघडलं नाही. पण त्या वापरतात ती सोय बाहेरच्या कीबोर्डवर चालत नाही, ही अडचण आहेच ना? आणि इनस्क्रिप्ट अवघड असतं तर मी आग्रह धरला नसता. ही मांडणी १९८६ मध्ये सरकारी पातळीवर ठरली आणि तिच्यामागे विचार आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत व्यंजनामागून मात्रा येते, त्यामुळे उजवा-डावा, उजवा-डावा असा आपोआप ताल लागतो. के वर क, शिफ्ट धरून के वर ख. आय वर ग, शिफ्टसह घ. एल वर त, शिफ्टसह थ. एका जोडीतलं एक कळलं की दुसरं पाठ करावं लागत नाही.

जोडाक्षरासाठी डी वरचा हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. क, हलन्त, ष म्हणजे क्ष. ज, हलन्त, ञ म्हणजे ज्ञ. शाळेत बाईंनी फोड शिकवली तसंच.

आठफूटपाणी · १२ जानेवारी, दुपारी ४.४५

मी बेंगळुरूत असते. इनस्क्रिप्टचा एक फायदा हलन्त सांगायला विसरले. हीच मांडणी कन्नडलाही आहे. क जिथे मराठीत तिथेच कन्नडमध्ये. मी मराठीसाठी शिकले आणि ऑफिसातल्या कन्नड पाट्या विनासायास टाइप करायला लागले.

रिबनवाला · १२ जानेवारी, रात्री ८.३०

मी मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० (मिनिटाला शब्द), दोन्ही परीक्षा टाइपरायटरवर पास झालो, १९९४ साली. आमची मांडणी रेमिंग्टन. संगणक आला तेव्हा ऑफिसात इनस्क्रिप्टची सक्ती झाली आणि सहा महिने मी पार गोंधळलो. 'कि' लिहायचा तर टाइपरायटरवर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर डावीकडून जसं दिसतं तसं उमटवायचं. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे जसा उच्चार तसा क्रम. बोटांना जुनी सवय सोडवायची म्हणजे फार त्रास.

पण ताईंची बोटं कोरी आहेत. त्यांना काहीच विसरायचं नाहीये. त्यांनी सरळ इनस्क्रिप्टच शिकावं. रोज वीस मिनिटं, पण रोज. एक दिवस दोन तास आणि मग चार दिवस सुट्टी असं करू नका, बोटं विसरतात.

दोनओळी · १२ जानेवारी, रात्री ८.४१

बोलून टाइप करा की. गूगल मराठी छान ऐकतं.

कृष्णाकाठ · १२ जानेवारी, रात्री ९.२०

ते पहिल्यांदा करून बघितलं. बातम्या वाचल्यासारखं बोललं तर चांगलं येतं. पण ओवीत 'म्हायेर' आहे, तिथे 'माहेर' येतं. 'ल्येक' म्हटलं की 'लेख'. 'भयीन' म्हटलं की भलतंच काहीतरी. पडद्यावरचा कीबोर्डही तसंच करतो, मी नीट लिहिलेला शब्द जागा सोडताक्षणी सुधारून टाकतो. आणि आजी 'म्हायेर' म्हणायची. वहीत आईनं मुद्दाम तसंच लिहून ठेवलंय, एके ठिकाणी समासात 'असंच म्हणते' अशी टीपही आहे.

नुसते फोटो काढून का ठेवत नाही, असंही काहींनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) विचारलं. फोटो काढले आहेत. पण प्रत्येक ओवीखाली मला लिहायचंय, ही कुणाला उद्देशून, कोणत्या कामाच्या वेळची, त्यातला कुठला शब्द आता कुणाला कळत नाही. हे माहीत असलेली घरात आता मी एकटीच उरलेय.

हलन्त · १२ जानेवारी, रात्री ९.३५

मग तर इनस्क्रिप्टच. जी कळ दाबाल तेच अक्षर येईल, ते मध्ये काही सुधारत नाही.

बिनीचा_बाण · १२ जानेवारी, रात्री ९.५०

हे कारण पटलं. माझा आक्षेप मागे घेतो.

सांधा · १३ जानेवारी, सकाळी ८.१०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कीबोर्डची चर्चा छान चाललीय, पण ताई, त्या अंगठ्याकडे आधी बघा. अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवलं की अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेला तीव्र कळ येते का? येत असेल तर डी क्वेर्व्हेन नावाचा त्रास असू शकतो. अंगठा उचलणाऱ्या स्नायूबंधांभोवतीचं आवरण जाड होतं, आणि स्नायूबंध त्यातून सरकताना घासतो. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आयांना होतो, आणि हल्ली फोनवर लिहिणाऱ्यांना. हाडाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. बऱ्याचदा काही आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि विश्रांती पुरते.

कीबोर्डमुळे अंगठ्याचा भार दहा बोटांवर वाटला जाईल, हे चांगलंच. पण फोन टेबलावर आडवा ठेवून मान खाली घालून लिहिलंत तर दोन महिन्यांनी मान दुखते म्हणून याल. फोन डोळ्यांच्या जवळपास उंचीला हवा. पुस्तकांची चळत आणि वर स्टँड, एवढं पुरतं. अक्षरांचा आकार वाढवा म्हणजे पुढे वाकावं लागणार नाही. कोपर अंगाजवळ, मनगट सरळ.

घाटवाट · १३ जानेवारी, सकाळी ८.३०

मी हे वाचताना ताठ बसलो. 🙂

कवाडबंद · १३ जानेवारी, दुपारी १२.०५

सुरक्षेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथ कीबोर्डच्या संदर्भात एक मोठी त्रुटी जाहीर झाली. जवळपासचा माणूस आपलं यंत्र 'मी कीबोर्ड आहे' असं भासवून, तुमची परवानगी न घेता फोनला जोडू शकत होता आणि त्यातून कळा दाबू शकत होता. त्याच महिन्याच्या सुरक्षा अपडेटमध्ये अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना आली नाही. ताईंचा फोन तीन वर्षांचा आहे, सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा, त्या महिन्यानंतरची असेल तर काळजी नाही. ज्यांनी घरातला जुना फोन 'लिहायला ठेवलाय' त्यांनी मात्र काम झालं की ब्लूटूथ बंद करायची सवय लावावी.

विकीवाट · १३ जानेवारी, दुपारी ३.३०

अ‍ॅप टाकायचं नसेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट. मी मराठी विकिपीडियावर लिहितो. फोनच्या ब्राउझरमध्ये विकीची डेस्कटॉप आवृत्ती उघडली की लिहिण्याच्या चौकटीपाशी इनपुटची खूण येते, त्यात मराठी लिप्यंतरण आणि इनस्क्रिप्ट दोन्ही मिळतात. कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी-इंग्रजी अदलाबदल. हे काम ब्राउझरमधलं पान करतं, फोनचा कीबोर्ड नाही, म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर लिप्यंतरणही चालतं. बाणसाहेब, तुमचं 'malaa' तिथे सुखरूप आहे. स्वतःच्या धूळपाटीवर (विकीवरच्या कच्च्या पानावर) सराव करा.

अवांतर: या ओव्या तुम्ही मुक्त परवान्याखाली द्यायला तयार असाल तर विकिस्रोत या विकीच्या मुक्त ग्रंथालयाबद्दल बोलू. घाई नाही.

दूरदेशी · १३ जानेवारी, रात्री ११.५०

आयफोनवाल्यांसाठी: आधी सेटिंगमधल्या कीबोर्डच्या यादीत मराठी घाला, मग बाहेरच्या कीबोर्डवर कंट्रोल-स्पेसनं भाषा बदलते. मी टोरांटोहून रोज आईला असंच लिहितो. इथल्या थंडीत हातमोजे काढून फोनवर अंगठे चालवण्यापेक्षा घरी बसून दहा बोटांनी पत्रासारखं पत्र लिहितो. आई म्हणते, हल्ली तू सविस्तर लिहितोस.

स्पर्शरेषा · १४ जानेवारी, सकाळी ६.४०

मला जन्मापासून दिसत नाही. कॉलेजात शिकवतो. फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर चालतो आणि गेली सहा वर्षं सोबत ब्लूटूथ कीबोर्ड आहे. आल्ट धरून उजवा बाण दाबला की पुढची गोष्ट वाचून दाखवली जाते, आल्ट-एंटरनं ती उघडते. पडद्याला हात न लावता पूर्ण फोन वापरता येतो. गर्दीत पडद्यावर एकेक अक्षर चाचपडत शोधणं आणि कीबोर्डवर सलग लिहिणं, यातला फरक मी शब्दांत सांगू शकणार नाही.

ताईंना एक विनंती. वरती अजून कुणी म्हटलं नाही पण म्हणतीलच, की कळांवर देवनागरी स्टिकर लावा. लावू नका. निदान एफ आणि जे वर तरी नकोच. त्या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, तर्जनी तिथे टेकवायच्या. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या तर्जनीखाली ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्या तर्जनीखाली र. तिथून मोजायचं. त्यांच्यावर स्टिकर बसला की उंचवटा बोथट होतो आणि मग बघून टाइप करायची सवय लागते. तुम्हाला तर नजर वहीवर ठेवायचीय. तक्ता छापून भिंतीला लावा, कीबोर्डला नको.

पाटणकरीण · १४ जानेवारी, सकाळी ७.१५

सर, मी आत्ता तेच लिहायला आले होते, लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत स्टिकर मिळतात म्हणून! खोडलं. तिळगूळ घ्या.

कृष्णाकाठ · १४ जानेवारी, दुपारी २.००

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. डॉक्टरांची वेळ घेतलीय. फोनची तारीख बघितली, अपडेट नंतरचं आहे. नजर वहीवर हवी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतापर्यंत वही-फोन-वही करताना ओळ हरवायची.

रिबनवाला · ९ फेब्रुवारी, रात्री ९.००

धागा वर काढतोय. ताई, काय झालं?

कृष्णाकाठ · १० फेब्रुवारी, रात्री १०.२०

डॉक्टरांनी सांधा म्हणाल्या तेच सांगितलं. तीन आठवडे पट्टा होता. त्या काळात लिहिणं बंद, पण तक्ता देवघराशेजारी लावला होता. स्वयंपाक करताना ओट्यावर बोटं वाजवून 'मराठी' लिहायचे, सी, जे, ई, शिफ्ट आणि अवतरणचिन्हाची कळ, मग आर. नातीला वाटलं पेटी शिकतेय.

गेल्या रविवारी कीबोर्ड आणला, साधा, पूर्ण आकाराचा. आकडे कीबोर्डवर दाबून एंटर केलं, पहिल्या फटक्यात जोडला गेला. मांडणीचं अ‍ॅप टाकलं, परवानगी एकही मागितली नाही. मग पडद्यावरचा कीबोर्ड दिसेनासा झाला तेव्हा घाबरले. त्याच फिजिकल कीबोर्डच्या पानावर 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा' असं बटण आहे, ते चालू केल्यावर परत आला.

पहिल्या दिवशी एका ओवीला पंचवीस मिनिटं लागली. आज सहा. अंगठा फक्त स्पेसला. ही आज टाइप केलेली:

जात्याच्या पाळीला गं, चार दाणे सांडले
मावळण आली दारी, तिच्या पदरी बांधले

मावळण म्हणजे वडिलांची बहीण. आजीला एकच मावळण होती, ती लवकर विधवा होऊन परत आली. आजीच्या माहेरी तिला मोजून धान्य मिळायचं. म्हणून 'सांडले'. ते सांडायचे नाहीत, सांडवायचे. हे आईनं मला सांगितलं होतं, वहीत नाही.

आठफूटपाणी · १० फेब्रुवारी, रात्री १०.३३

शेवटच्या दोन वाक्यांवर थांबले. लिहा, लिहीत राहा.

विकीवाट · १० फेब्रुवारी, रात्री १०.४०

हे असं प्रत्येक ओवीखाली असेल तर मी वाट बघायला तयार आहे.

हलन्त · १० फेब्रुवारी, रात्री ११.०५

कंट्रोल-एस नुसतं दाबून भागत नाही सगळ्या अ‍ॅपमध्ये. रोजचं लिहून झालं की कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून स्वतःलाच मेल करत जा. फोन पडला, हरवला तर पुन्हा पंचवीस मिनिटांपासून सुरुवात नको.

कृष्णाकाठ · ११ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

भाच्याला मेल करतेय रोज. एकच अडलंय. पुढच्या ओवीत 'तऱ्हा' आहे. र आणि हलन्त देऊन ह लिहिला की 'तर्हा' होतं, रफार वर जाऊन बसतो.

रिबनवाला · ११ फेब्रुवारी, सकाळी ६.२५

तो र नाही, ऱ आहे, शिफ्ट धरून जे. एल, शिफ्ट-जे, डी, यू, ई.

कृष्णाकाठ · ११ फेब्रुवारी, सकाळी ६.३१

तऱ्हा. आला!